बिनहप्त्याची वर्षे

शैक्षणिक कर्जाविषयी आपल्या घरांत दोनदाच बोलले जाते: ते मंजूर होते तेव्हा आणि ते थकते तेव्हा. मंजुरीचे पत्र देवापुढे ठेवतात. थकबाकीची नोटीस कपाटात साड्यांच्या घडीखाली जाते. मधली पाच-सहा वर्षे त्या खात्याकडे कुणी फिरकत नाही. बँक पैसे मागत नसते, आणि मागणारा गप्प असला की देणेही नाही असे माणसाला वाटू लागते. मी बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे टेबल बराच काळ सांभाळले. तिथे बसून माझे एक मत पक्के झाले आणि या पुस्तकाची उभारणी त्यावरच आहे. विद्यार्थ्याचे कर्ज डोईजड होणार की नाही, हे बहुतेक वेळा पहिला हप्ता पडण्याआधीच ठरून गेलेले असते.

हे कर्ज आपल्याकडे आले त्यालाही फार काळ लोटलेला नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, तालुक्याच्या गावातली मुले इंजिनिअर होऊ लागली, आणि शिक्षणाचा खर्च सरकारी तिजोरीतून निघून घरच्या तिजोरीवर आला. पुढची जवळजवळ वीस वर्षे तो कसा भागवला गेला, याची नोंद बँकांच्या दप्तरात फारशी नाही. ती शोधायची तर सातबाऱ्यावर, सोनाराच्या वहीत आणि वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाच्या खात्यात शोधावी लागेल. २००१ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, रिझर्व्ह बँकेने ती बँकांकडे धाडली, आणि मग नोकरदार नसलेल्या घरातला मुलगाही शाखेत येऊन अर्ज मागू लागला. ४ लाखांपर्यंत तारण नको, हा त्या योजनेचा गाभा. २०१५ मध्ये केंद्राचा पतहमी निधी उभा राहिला आणि साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय आणि तिऱ्हाईत जामिनाशिवाय कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. त्यावरच्या रकमेला मात्र घर, ठेव असे काहीतरी गुंतवावे लागते.

तारण नाही म्हणजे धोका नाही, असा समज मी पुष्कळ घरांत पाहिला. या कर्जावर आईची किंवा वडिलांची सही असते ती सहकर्जदार म्हणून. कागदावर ते कर्ज जितके मुलाचे तितकेच त्यांचे असते. मुलाने पुण्यात हप्ता चुकवला की गावी वडिलांचा सिबिल स्कोअर खाली येतो, आणि ते त्यांना कळते ट्रॅक्टरसाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी अर्ज केल्यावर. काउंटरवर असा माणूस उभा राहिला की त्याला काय सांगावे हे आम्हा बँकवाल्यांनाही सुचत नसे. मुलाने घरी काहीच सांगितलेले नसायचे.

आता आकड्यांकडे येऊ. प्रस्तावनेत गणित घालू नये असा संकेत आहे. तो इथे मोडतो, कारण हे गणित मंजुरीच्या दिवशी कुणी करून दाखवत नाही.

समजा चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी १० लाखांचे कर्ज घेतले, दर वर्षी अडीच लाख उचलले, आणि व्याज १० टक्के. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. या काळात व्याज थांबते अशी कित्येकांची समजूत असते. ते थांबत नाही. सरळव्याजाने चढत राहते. पहिले अडीच लाख पाच वर्षे व्याज ओढतात, दुसरे चार, तिसरे तीन, शेवटचे दोन. बेरीज होते साडेतीन लाख. हप्ते सुरू होताना ही रक्कम मुद्दलात मिसळली जाते, आणि मुलगा १० लाखांचे म्हणून ओळखत असलेले कर्ज पहिल्या हप्त्याच्या दिवशी साडेतेरा लाखांचे होते. तिथून पुढे व्याजावरही व्याज.

हे साडेतेरा लाख १० वर्षांत फेडायचे तर महिना साधारण १७,८४० रुपये. १५ वर्षांत फेडायचे तर १४,५०७. शाखेत बसलेला मुलगा दुसरा आकडा पाहून सुटकेचा श्वास टाकतो आणि तिथे सही करतो. फरक महिन्याला ३,३३३ रुपयांचा. पण १० वर्षांत एकूण भरणा होतो सुमारे २१ लाख ४० हजार, आणि १५ वर्षांत २६ लाख १० हजारांच्या पुढे. त्या तीन हजारांची किंमत पावणेपाच लाख.

याउलट, शिकत असतानाच चढते व्याज भरत गेले तर? पहिल्या वर्षी महिन्याला २,०८३ रुपये, दुसऱ्या वर्षी ४,१६७, तिसऱ्या वर्षी ६,२५०. शेवटच्या आकड्यांपर्यंत सगळ्यांची झेप जाणार नाही हे मला कळते. पण पहिल्या वर्षीचे दोन हजार हा अनेक घरांत मोबाइलच्या हप्त्याइतकाच खर्च असतो. शिकताना व्याज भरणाऱ्याला व्याजदरात १ टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूदही आदर्श योजनेत आहे. कर्ज घेताना ही सवलत लागू आहे का, हे शाखेत विचारून मंजुरीपत्रावर लिहून घ्यावे. विचारणारा क्वचित भेटतो.

दुसरी गोष्ट विम्याची. कर्जासोबत विमा पुढे केला जातो, एकरकमी प्रीमियम कर्जातच घातला जातो आणि त्यावरही पाच वर्षे व्याज चढते. म्हणून विमा नको असे मी म्हणणार नाही. मुलाचे काही बरेवाईट झाले तर ते कर्ज आईवडिलांच्या डोक्यावर राहते, आणि अशी घरे मी पाहिली आहेत. विमा घ्यावा, पण साधी मुदतीची पॉलिसी किती रुपयांत मिळते ते आधी पाहावे.

शाखेत नेहमी अडायचे ते पुढच्या टप्प्यावर. पॅकेज साडेतीन लाखांचे, हे वाक्य गावात फिरते तेव्हा महिना तीस हजार असा हिशेब लोक मनात करतात. हातात येतात पंचवीस-सव्वीस हजार. हिंजवडीत किंवा खराडीत चौघांत खोली घेतली, मेस लावली, गाडीत पेट्रोल घातले, आईला थोडे पाठवले, की साडेचौदा हजारांचा हप्ता कुठून काढायचा? हा मुलगा उधळ्या नसतो. त्याचे गणितच जमत नसते. आणि नेमका हाच मुलगा बँकेत येत नाही. पहिला हप्ता मित्राकडून घेऊन भरतो, दुसरा क्रेडिट कार्डावरून, तिसऱ्यापासून फोन उचलणे बंद करतो. सलग ९० दिवस थकले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक, ठरते, आणि मग शाखेच्या मॅनेजरची इच्छा असली तरी त्याचे हात बांधले जातात.

या ९० दिवसांच्या आत बँकेत लेखी अर्ज देणे, हा या पुस्तकातला माझ्या मते सर्वांत मोलाचा सल्ला आहे, आणि तो पाळायला एक पैसा लागत नाही. आदर्श योजनेत हप्ते चढत्या क्रमाने बांधून देण्याची सोय आहे, म्हणजे सुरुवातीला कमी आणि पगार वाढेल तसे जास्त. नोकरी गेली किंवा शिक्षणाला साजेशी मिळालीच नाही, तर कर्जाच्या काळात दोन-तीन वेळा हप्त्यांना विराम देण्याची मुभाही बँकांना आहे. हे आपणहून कुणी सांगणार नाही. मागावे लागते, आणि कर्ज नियमित असतानाच मागावे लागते. अर्जाची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर नाही आले किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.

व्याजदराचेही तसेच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्यांची कर्जे बदलत्या दराची होती त्यांचा हप्ता अनेकदा तितकाच राहिला आणि मुदत गुपचूप लांबली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. त्याच महिन्याच्या दुसऱ्या आदेशाने दंडव्याज बंद झाले. आता फक्त दंडशुल्क लावता येते आणि त्यावर व्याज चढवता येत नाही. बदलत्या दराचे कर्ज मुदतीआधी फेडले म्हणून वैयक्तिक कर्जदाराकडून बँकेला दंड घेता येत नाही, हा नियम तर २०१४ पासून आहे. दिवाळीचा बोनस मुद्दलात भरायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त भरताना ‘मुद्दलात जमा करा’ असे लिहून द्यावे आणि महिन्याभराने उतारा पाहावा.

मोठ्या कर्जाबद्दल इतके. मला खरी धास्ती वाटते ती लहान कर्जांची. हॉस्टेलवरचा मुलगा ज्याला कर्ज म्हणतच नाही, अशी पाच-सात देणी त्याच्या नावावर असतात: मेसवाल्याची उधारी, मित्राचे तीन हजार, फोनचा हप्ता, ‘आता घ्या, नंतर द्या’वाले बूट, आणि एखादे अ‍ॅप. क्रेडिट कार्डाचे ४० हजार थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर एका महिन्याचे व्याज १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. ‘किमान देय’ म्हणून २,००० भरले तर मुद्दलातून कमी झाले ३४८ रुपये. कार्ड चालू राहते, संदेश गोड येतो, आणि देणे जागच्या जागी. फुटक्या रांजणात पाणी भरण्यासारखे हे काम आहे.

कर्ज देणाऱ्या अ‍ॅपबद्दल या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते आधी वाचले तरी चालेल. सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम स्पष्ट आहेत. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो हे आधी कागदावर सांगायला हवे, आणि फोनमधले नंबर व फोटो पाहण्याची परवानगी अ‍ॅपने मागता कामा नये. मागितली तर अ‍ॅप काढून टाका. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर करता येत नाहीत, नातेवाइकांना फोन करून अब्रू काढणे तर मुळीच नाही. धमकी आली तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक आहे. गावाकडच्या सावकारालाही कायदा आहे, हे मुलांना ठाऊक नसते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करायची. आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीचा जुना दंडक आजही त्या कायद्यात शाबूत आहे. बँकेच्या कर्जाला मात्र तो लागू नाही.

आधी कोणते फेडायचे? हिशेब सांगतो की सर्वांत महाग ते आधी: अ‍ॅप, मग कार्ड, मग वैयक्तिक कर्ज, शेवटी शैक्षणिक. मला हे मान्य आहे. मामाचे बिनव्याजी पन्नास हजार या यादीत तळाला जातात, पण त्यांना फोन करून कधी देणार ती तारीख सांगावी. आणि ‘सेटलमेंट’च्या नादी लागू नये. थकलेले कर्ज थोडक्यात मिटवून देतो म्हणणारे एजंट आता गावोगाव आहेत. तडजोडीने मिटवलेले कर्ज सिबिलच्या नोंदीत ‘सेटल्ड’ म्हणून राहते, ‘क्लोज्ड’ म्हणून नाही, आणि पुढे घराचे कर्ज मागताना तो एक शब्द आड येतो.

कर्ज काढण्याआधीचे पैसेही आपली माणसे सोडून देतात. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठी बिनहप्त्याच्या काळातले सगळे व्याज केंद्र सरकार भरते. ही योजना २००९-१० पासून आहे. वर मांडलेले साडेतीन लाख त्यात वाचतात. त्यासाठी तहसीलदाराचा दाखला वेळेत शाखेत पोचवावा लागतो, आणि तेवढ्यासाठी हुकलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, देशातल्या निवडक संस्थांत प्रवेश मिळाल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरते. पण प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की शिष्यवृत्ती जाते, आणि बऱ्याच बँका आदर्श योजनेतले कर्जही देत नाहीत. ‘चांगल्या’ शाखेसाठी कोट्यातली जागा घ्यावी की कॅपमधली दुसरी शाखा, हा निर्णय जुलै-ऑगस्टच्या धामधुमीत दोन दिवसांत होतो आणि पुढची पंधरा वर्षे त्याचे हप्ते जातात.

परदेशी शिक्षणावर मी थोडेच लिहिले आहे, कारण तिथले नियम फार लवकर बदलतात. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. अमेरिकेत पदवीनंतर कामासाठी मिळणाऱ्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. इथे गहाण ठेवलेल्या घराचे खातेही ९० दिवस थकले की एनपीए होते. चाळीस-पन्नास लाखांचे कर्ज काढून जाणाऱ्याने, नोकरी न मिळता परत यावे लागले तर घरचे लोक किती महिने हप्ता ओढतील, हा आकडा निघण्याआधी घरी बसून काढावा. विमानतळावर हार घालताना तो काढता येत नाही.

लाजेबद्दल दोन शब्द. कर्ज काढून शिकणे यात आपल्याकडे कमीपणा कधी नव्हता. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला परतले, ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजवले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत त्या नावाची योजना आजही चालते, आणि तिच्या अर्जांच्या रांगेत उभे राहायला मुले का कचरतात ते मला उमगलेले नाही. लाज आली आहे ती अलीकडे, ‘पॅकेज’ हा शब्द आल्यापासून. शेजारच्या मुलाचे बारा लाख ऐकल्यावर आपल्या मुलाला हप्ता झेपत नाही हे बाप बोलत नाही, मुलगाही बोलत नाही, आणि व्याज तेवढे चढत राहते.

प्राप्तिकरातल्या वजावटीविषयीही दोन पाने आहेत: शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण जुनी करप्रणाली निवडली तरच. कमी पगारात नवी प्रणालीच बहुधा परवडते, म्हणून या वजावटीसाठी कर्ज लांबवू नका.

पुस्तकाची प्रकरणे क्रमाने वाचण्याची गरज नाही. जो अजून प्रवेशाच्या रांगेत आहे त्याने पहिले आणि तिसरे वाचावे; ज्याचे हप्ते थकले आहेत त्याने सरळ सातवे उघडावे, त्यात बँकेला द्यायच्या अर्जाचे नमुने आहेत. पालकांसाठी वेगळा भाग मी मुद्दाम केलेला नाही. हिशेब एकच आहे, तो दोघांनी एका टेबलावर बसून पाहावा.

त्याआधी एक काम करा. शाखेतून किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून कर्जखात्याचा आजपर्यंतचा उतारा काढा. मुद्दल किती उचलले, व्याज किती चढले, दर किती आणि हप्ता कोणत्या महिन्यापासून, हे चार आकडे कागदावर लिहा आणि सहकर्जदार म्हणून ज्यांनी सही केली आहे त्यांना आज रात्रीच दाखवा. तो कागद शेजारी ठेवून हे पुस्तक वाचायला घ्या.